पंधरा किलोच्या आत

तौसा आयुष्यभर दोन-अडीच किलोने जास्त भरला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. हाडं दणकट, छाती रुंद, आणि खाण्याच्या बाबतीत समोर येईल ते आपलं. पावात भरायच्या गोड लाल पुरणाला तिथे तौसा म्हणतात; रंग त्याच्यासारखा, म्हणून हे नाव. सरकारी इमारतीतल्या घरात असं गावठी कुत्रं ठेवायचं, तर त्या वेळी दोन अटी होत्या. खांद्यापाशी उंची पन्नास सेंटीमीटरच्या आत आणि वजन पंधरा किलोच्या आत. उंचीत तौसा एका सेंटीमीटरने का होईना, बसायचा. वजनाला मात्र कधी सतरा, कधी साडेसतरा. आणि सिंगापुरात सरकारी इमारतीत कोण राहत नाही? ज्यांचे बंगले आहेत त्यांना कुठलंही कुत्रं चालतं, पण त्यांना ते वंशावळीसकट लागतं. ज्यांना तौसा हवा होता त्यांना तो ठेवता येत नव्हता, आणि ज्यांना ठेवता आला असता त्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. अशी नऊ वर्षं शहराबाहेर लिम चू कांगला, कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये गेली.

हे शेल्टर पुनिता चालवायची. म्हणजे गू काढण्यापासून सरकारी अर्ज भरण्यापर्यंत सगळं तिच्याच गळ्यात. वय सत्तेचाळीस, आवाज खणखणीत, आणि माणसांपेक्षा कुत्र्यांशी जास्त पटायचं. दत्तक-दिवस भरला की ती तौसाला आंघोळ घालून, गळ्यात लाल रुमाल बांधून घेऊन जायची. लोक यायचे, डोक्यावर हात फिरवायचे, वय विचारायचे. सुरुवातीला ती तीन सांगायची, मग पाच, मग आठ. गेल्या वर्षी अकरा सांगितलं तेव्हा समोरच्या बाईने हात असा मागे घेतला की जणू म्हातारपण चिकटतं. नंतर पुनिताने त्याला नेणंच बंद केलं. संध्याकाळी त्याला तसाच परत आणलं की तो रुमाल सोडताना तिला फार वाईट वाटायचं.

एकच माणूस होता ज्याला तौसाच हवा होता, दुसरा कुठलाच नको. क्वेक अंकल. चाळीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, चोआ चू कांगला सरकारी इमारतीत चौथ्या मजल्यावर एकटे. दर रविवारी डब्यात वाफवलेलं कोंबडीचं मांस आणि लाल भोपळा घेऊन यायचे आणि तौसाला शेतांच्या कडेकडेने फिरवायचे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी अर्ज केला होता. वजनात नापास. मग त्यांनी सहा महिने तौसाला नुसत्या भोपळ्यावर ठेवलं आणि सोबत म्हणून स्वतःही तेच खाल्लं. तौसा तीनशे ग्रॅमनी उतरला, अंकल चार किलोंनी. शेल्टरमधल्या कुणीतरी सुचवलं की गुपचूप घेऊन जा, कोण बघतंय. अंकलनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा झाडू घेऊन पलीकडे निघून गेला. चाळीस वर्षांत एकदाही दंड न झालेला माणूस तो.

पुनितालाही काट्यावरचा आकडा थोडा इकडचा तिकडे लिहिणं अवघड नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शेल्टरने कुत्र्याची उंची दोन सेंटीमीटर कमी लिहून दिली होती. शेजाऱ्याने तक्रार केली, अधिकारी पट्टी घेऊन दारात उभा राहिला आणि चार महिने घरात राहिलेलं ते कुत्रं पुन्हा पिंजऱ्यात आलं. त्यानंतर ते भिंतीकडे तोंड करून बसायचं. आणि अंकलच्या खालच्याच मजल्यावर मिसेस ओंग राहायच्या, ज्या वरून ओल्या कपड्यांचं पाणी ठिबकलं तरी सरकारी कार्यालयाला पत्र लिहीत. तिथे खोटं एक आठवडाही टिकलं नसतं.

मार्च महिन्यात तौसाने खाणं टाकायला सुरुवात केली. डॉक्टर पेह यांनी रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं, मूत्रपिंडं निकामी होत चालली आहेत, हे बरं होण्यातलं नाही. दिवसाआड कातडीखाली सलाईनचं पाणी द्यायचं, तेवढंच हातात. दोन महिने, फार तर चार. एका डोळ्यात मोतीबिंदू होताच, मागचे पाय थरथरत होते, त्यात हे. पुनिताने मान हलवली आणि बाहेर येऊन पाण्याच्या नळाखाली बराच वेळ हात धुतले.

त्या रविवारी अंकलना सांगायचं कसं, याची तिने मनात जुळवाजुळव केली होती. अंकलनी सगळं ऐकून घेतलं. मग तौसाला काट्यावर चढवायला सांगितलं. सोळा किलो. ते आकड्याकडे बघत राहिले, आणि ते काय विचार करताहेत हे पुनिताला त्यांच्या आधी कळलं.

पुढच्या रविवारी पंधरा आठशे. त्याच्या पुढच्या रविवारी पंधरा चारशे. अंकल आकडा बघायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायचं, लगेच त्याची त्यांना लाज वाटायची आणि ते डबा उघडायला वळायचे. त्यांनी आणलेल्या कोंबडीतलं तौसाने चार घास खाल्ले तर दोघांना बरं वाटायचं आणि वाईटही. नऊ वर्षं जे हवं होतं ते आता दर आठवड्याला थोडं थोडं जवळ येत होतं आणि येताना तौसाला खात होतं. पुनिताला एकदा स्वतःची शिसारी आली, कारण काटा पंधरा दोनशेवर थांबला तेव्हा तिच्या तोंडून हळूच "अजून थोडं" असं निघून गेलं होतं.

अडचण त्या सलाईनची होती. पाणी दिलं की वजन पाव किलोने वाढायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचं. मे महिन्यात तौसा पंधराच्या रेषेवर असा खाली-वर करायला लागला. पुनिताने अर्ज भरला, कार्यालयातली बाई शनिवारी स्वतःचा काटा घेऊन येणार असं ठरलं. बुधवारी पाणी दिलेलं होतं. शुक्रवारचं टाळलं तर शनिवारी तो नक्की पंधराच्या आत भरला असता. तिने डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टरांनी आधी तौसाचे रक्ताचे आकडे काढून पाहिले. मग म्हणाले, "एक वेळ चालेल. दोनदा नाही. कळलं ना?"

"कळलं," पुनिता म्हणाली.

शुक्रवारी दुपारी त्या बाईचा फोन आला. शनिवारी जमत नाही, सोमवारी वेसाकची सुट्टी, म्हणजे बुद्धपौर्णिमा, तेव्हा आता मंगळवारीच येते. बाई गोड बोलली, दोनदा माफी मागितली. पुनिताने काही हरकत नाही म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर ती औषधाच्या कपाटापाशी गेली, सलाईनची पिशवी काढली, हातात धरून उभी राहिली आणि पुन्हा आत ठेवली. आत्ता पाणी दिलं तर रविवारी पुन्हा द्यायला हवं, आणि रविवारी दिलं तर मंगळवारी काय भरेल कोण जाणे. नापास झाला तर पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळणार. तीन आठवडे तौसाकडे होते का? नऊ वर्षांत या कुत्र्याला एकदा दार असलेल्या घरात झोपवायचं, एवढीच तिची हाव होती. शनिवार गेला. रविवारीही तिने पिशवी काढली नाही.

त्या दिवशी अंकल आले तेव्हा तौसा फिरायला उठला नाही. अंकल त्याच्याशेजारी सिमेंटवर बसले. तौसाच्या तोंडाला कसलातरी उग्र वास येत होता, जीभ कोरडी पडली होती.

"पाणी दिलंस ना त्याला?" अंकलनी विचारलं.

"सकाळीच दिलं," पुनिता म्हणाली, आणि पलीकडच्या पिंजऱ्याची कडी उगाचच काढून पुन्हा लावली.

मंगळवारी बाई वेळेवर आली. काटा सपाट जागेवर ठेवला, तपासला, तौसाला चढवलं. चौदा किलो चारशे साठ. उंची एकोणपन्नास. बाईने हसून अभिनंदन केलं आणि सही केली. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच पुनिताने सुई लावली आणि दुप्पट पाणी दिलं. बुधवारी दिलं, गुरुवारी दिलं. डॉक्टर येऊन रक्त घेऊन गेले, आकडे बघून त्यांनी चष्मा काढला आणि किती वेळा चुकवलं ते विचारलं. तिने खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर तिला जास्त बरं वाटलं असतं. मूत्रपिंडांचं जे गेलं ते आता परत यायचं नाही, एवढंच ते बोलले.

शुक्रवारी तौसा घरी गेला. लिफ्टच्या दाराला घाबरून तो जमिनीला चिकटला, तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या अंकलनी त्याला दोन्ही हातांवर उचलून आत नेलं. घरात नवी चटई होती, पाण्याचं भांडं होतं, दाराच्या जाळीवर कुत्र्याचा परवाना चिकटवलेला होता. म्हणजे मिसेस ओंग वर आल्याच तर आधी तो वाचून घेतील. तौसा मोठ्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. मग चालायला लागला. चार पावलं, वळायचं. चार पावलं, वळायचं. खोली पुढे लांबवर मोकळी होती, पण नऊ वर्षांचा पिंजरा चार पावलांचा होता आणि त्याच्या पुढे तो गेलाच नाही. पुनिता ते बघत होती आणि तिला ओरडून रडावंसं वाटत होतं. अंकल म्हणाले, होईल सवय.

सवय व्हायला दिवस लागतात. तौसाने सहा दिवस काढले. पुनिता रोज दुपारी जाऊन पाणी देत होती. तो काही खात नव्हता. अंकलनी भाताची पेज केली, मासा उकडला, शेवटी बोटाला मध लावून बघितला. पाचव्या दिवशी तो बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये जाऊन पडला, तर अंकल खुर्ची घेऊन तिथेच बसले. मिसेस ओंग जिन्याने येताना थांबल्या, कुत्र्याकडे पाहिलं, अंकलकडे पाहिलं आणि काही न बोलता खाली गेल्या. सहाव्या दिवशी सकाळी अंकल कॉफी करायला उठले आणि कप घेऊन परत येईपर्यंत तौसा गेला होता.

दहन उरकल्यावर दोन दिवसांनी पुनिता त्यांच्याकडे गेली. परवाना रद्द करायचा अर्ज भरायचा होता. अंकलना मुदतीच्या आत सगळं हवं होतं, आणि चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे बारीक अक्षर दिसत नव्हतं. ते टेबलाशी समोर बसले, ती एकेक रकाना वाचून भरत गेली. नाव, पत्ता, परवान्याचा क्रमांक. मग मृत्यूचं कारण आलं. खाली चौकोन होते. वार्धक्य, आजार, अपघात, इतर.

तिचा हात थांबला. त्या रविवारपासून ती हे अंकलना सांगायचं म्हणत होती.

"अंकल, तो वजनाचा दिवस होता ना. त्याच्या आधी मी त्याला पाणी दिलं नव्हतं. शुक्रवारी नाही, रविवारीही नाही. मी तुमच्याशी खोटं बोलले."

"मला माहीत आहे," अंकल म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"पाणी दिलं की त्याच्या खांद्यावर फुगवटा येतो. दुपारपर्यंत राहतो. त्या रविवारी मी हात फिरवला, तर नुसती हाडं." ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. "तेव्हाच म्हणायला हवं होतं की पोरी, दे त्याला पाणी. पण मी म्हटलं असतं तर तू दिलं असतंस."

"दिलं असतं," ती म्हणाली.

"म्हणून गप्प बसलो."

स्वयंपाकघरात भांड्यावर झाकण हलत होतं. अंकल उठले, गॅस बंद करून परत आले आणि बसले. पुनिताला वाटलं की त्यांनी आता तरी तिला दोष द्यावा, किंवा स्वतःला द्यावा, काहीतरी म्हणावं. ते अर्जाकडे बघत होते.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं.

"आजार लिही."

तिने आजाराच्या चौकोनात खूण केली. अंकलनी कागद डोळ्यांजवळ धरून, जमेल तसा, वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली, तारीख घातली आणि पाकीट आजच टाकलं तर मुदतीत पोहोचेल ना, असं विचारलं. पोहोचेल, ती म्हणाली.