हवा संपत आल्याची शिट्टी

मी एक जुनी शिट्टी आहे, मित्रांनो. खेळाच्या मैदानावरची नव्हे. आग विझवणारे जवान पाठीवर हवेची टाकी घेऊन धुरात शिरतात, त्या टाकीच्या पट्ट्यावर मी बसवलेली आहे. टाकीत थोडीच हवा उरली की मी आपोआप वाजते आणि मी वाजले की जवानाने मागे फिरायचं, असा नियम आहे. कारखान्यातून निघाले तेव्हापासून माझा आवाज कर्कश आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

माझ्या जवानाला सगळे पैलवान म्हणतात. मी त्याच्या छातीपाशी असते, त्यामुळे त्याचं काळीज मला ऐकू येतं. पूर्वी ते आगीतून बाहेर आल्यावर शांत व्हायचं. पुढे पुढे गाडी अग्निशमन ठाण्यात परतली तरी धडधडतच राहू लागलं. तो इतक्या धापा टाकायचा की टाकीही लवकर संपायची.

एकदा त्याने आपल्या जोडीदाराला, लंबूला, सांगितलं, "काल घरी कुकरची शिट्टी झाली आणि मी बायकोला ओढत जिन्यापर्यंत नेलं रे."

"पैलवान कुकरला घाबरला!" लंबू खो खो हसला. सगळं ठाणं हसलं. पैलवानही हसला, पण पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. मी गप्प असतानाही तो मला चाचपायचा आणि हळूच विचारायचा, "वाजलीस का?" मला तेव्हाच भीती वाटू लागली होती.

परवा एका तळघराला आग लागली. दोघे आत शिरले. धुरात स्वतःचा हातही दिसत नव्हता. हवा सरत आली तशी मी जीव तोडून वाजले. पैलवान पुढेच चालला. मुखवट्याच्या आत पुटपुटला, "गप. तू वाजत नाहीयेस. मला माहितेय."

मित्रांनो, इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते.

"अरे, खरंच वाजतेय ती! मागे फिर!" लंबूने त्याला पट्ट्याला धरून ओढत आणलं. दारापाशी पोचले आणि हवा संपली.

बाहेर पैलवान रस्त्यावरच बसला. मी केव्हाच थांबले होते. तरी तो म्हणाला, "अजून वाजतेय रे. बंद कर ना तिला." लंबू या वेळी हसला नाही. टाकीची चावी बंदच होती, तीच तो उगाच फिरवत राहिला.

माझी तपासणी नेमाने होते. जरा गंज दिसला तरी मला बदलतील. पैलवानाच्या पाठीवर मात्र सगळे नुसती थाप मारतात, "वाघ आहेस!" म्हणतात. आज तो पुन्हा कामावर आलाय. घंटा झालेली नाही, तरी माझे पट्टे आवळून बसलाय आणि त्याचं काळीज आत्ताच धावत सुटलंय. मित्रांनो, कुणीतरी त्याच्याजवळ बसा, काय होतंय ते विचारा, आणि सांगेल त्याला हसू नका. मला फक्त टाकीतली हवा कळते.