कॉटखाली ठेवलेला सूड

शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रदर्शन जाहीर झालं, की घराघरांत काय होतं ते तुम्हा-आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आई-बाबा पिशवी घेऊन दुकानात धावतात आणि टाकाऊ वस्तू विकत आणतात! कोरे करकरीत पेले, चमचे, स्ट्रॉ. मग मूल झोपी जातं आणि पालकांची हस्तकला सुरू होते.

ठिणगीच्या घरी तसं झालं नव्हतं. तिचं ठिणगी हे नाव बाबांनी ठेवलं होतं, तिच्या स्वभावाला शोभेल असं. आठवीत असताना तिने शेजारपाजारच्या घरांतून दुधाच्या रिकाम्या पिशव्या गोळा केल्या, साबणाच्या पाण्यात धुतल्या, दोरीवर वाळवल्या, कात्रीने त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि क्रोशाच्या सुईने त्यांची चटई विणली. बोटांना फोड आले. परीक्षक आले, चटईवर वाकले आणि त्यांनी नाकाला रुमाल लावला.

पहिलं बक्षीस गेलं वरच्या मजल्यावर राहणाऱ्या परीला. नव्याकोऱ्या पांढऱ्या चमच्यांचा भलामोठा राजहंस! बक्षीस घेऊन परत येताना परी खुदकन हसली आणि म्हणाली, “काय गं दूधवाली, बरी आहेस ना?”

झालं. वर्गात, जिन्यात, बसमध्ये ठिणगीची दूधवाली झाली. ते नाव तिच्या जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मागच्या कचरापेटीत तिला राजहंस दिसला, मान मोडून पडलेला. तिने तो अख्खा पोत्यात भरला आणि घरी आणून कॉटखाली सरकवला.

“ते बोचकं कसलं गं?” आईने केर काढताना विचारलं.

“सूड आहे. हात लावू नकोस.”

आईने कुंचा मागे घेतला. मुलगी दात-ओठ खात बोलू लागली, की वाद घालायचा नाही, हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं.

यंदा हस्तकलेच्या बाईंनी नवीच गंमत केली. प्रदर्शनाची मांडणी, पाहुण्यांचं स्वागत, माहिती सांगणं, सारं नववीच्या मुलांवर सोपवलं आणि प्रमुख नेमलं ठिणगीला. माईक तिच्या हातात येणार होता! त्या आठवड्यात ठिणगी इतकी गोड वागली, की आईला काळजीच वाटू लागली.

परीने यंदा रंगीत पेल्यांचं झुंबर आणलं होतं. सभागृह पालकांनी भरलेलं. ठिणगी झुंबरापाशी थांबली आणि मधाळ आवाजात म्हणाली, “किती सुंदर! परी, एकच विचारते. या पेल्यांतून पाणी कोण प्यायलं?”

परी झुंबराची दोरी चाचपू लागली.

“कोणीच नाही? मग हे टाकाऊ कधी झाले? दुकानातून थेट झुंबरात! आणि गेल्या वर्षीचा राजहंस कुठे गेला, ठाऊक आहे? हा बघा!”

तिने पोतं उलटं केलं. चमचे खळाखळा परीच्या पायांशी सांडले. मागून कोणीतरी ओरडलं, “चमचेवाली!” आणि सभागृह हसून लोटपोट झालं. परी रडत बाहेर पळाली. खोटं कशाला सांगा, ठिणगीला अगदी गार वाटलं. वर्षभराची आग विझली होती!

लोक पांगले. ठिणगी निघाली, तर बाई दारात उभ्या.

“हा पसारा कोणाचा?”

“परीचा.”

“तिने कचरापेटीत टाकला होता. सभागृहात तू टाकलास.”

“बाई, मी काय खोटं बोलले?”

“काहीच नाही. म्हणून तर जीव हळहळतो! इतका खरा राग वर्षभर जपलास आणि एकदा वापरून फेकून दिलास. त्यातून बनलं काय? अजून एक दूधवाली.”

ठिणगीने मान फिरवली. बाईंनी शांतपणे विचारलं, “तुझी चटई कुठे असते?”

“कॉटखाली. गुंडाळून ठेवलीय.”

“तिच्यावर कोण बसलं?”

कोणीच नाही! रुमालाचा अपमान जपण्याच्या नादात तिने चटई कधी अंथरलीच नव्हती. टाकाऊतून केलेली तिची वस्तू टिकाऊ आहे की नाही, हे तिलाही ठाऊक नव्हतं. कानशिलं तापली. तिने मुकाट्याने चमचे गोळा केले. पुढे शाळेच्या बागेत रोपांची नावं त्यांच्यावरच लिहिली गेली.

संध्याकाळी ती वरच्या मजल्यावर गेली. परीने दार अर्धंच उघडलं.

“हसायला आलीस?”

“दुपारीच हसून झालं. चुकलं माझं.”

परीचे डोळे भरून आले. “माझंही चुकलं. तो हंस मी केलाच नव्हता. आई मला कात्री धरू देत नाही, वाकडं कापते म्हणे. मी नुसती फोटोपुरती उभी असते.”

ठिणगीचा राग पुन्हा भडकला. पण यावेळी वेगळ्या दिशेने. “आणि परीक्षक मिनिटभर बघतात, चकचकीत दिसेल त्याला बक्षीस देऊन मोकळे! टिकलं का, हे कोणी विचारतं? परी, सूड घ्यायचा?”

“घ्यायचाच!” परीने डोळे पुसले.

दोघींनी बाईंसमोर नवा नियम मांडला. वस्तू खऱ्याखुऱ्या कचऱ्याची हवी, मोठ्यांचा हात लागता कामा नये आणि बक्षीस प्रदर्शनात मिळणार नाही. वस्तू वर्षभर कोणीतरी वापरायची, मग निकाल. पालकसभेत गदारोळ उडाला.

“म्हणजे मुलांनी केलेलं वाकडंतिकडं बघत बसायचं?” परीची आई कडाडली.

“हो आई,” परी म्हणाली, “आणि वापरायचंसुद्धा.” बाईंनी तिथल्या तिथे नियम फळ्यावर लिहून टाकला!

वर्ष उलटलं. झुंबरं आणि राजहंस गायब झाले होते. वाचनालयात लहान मुलांनी वर्षभर तुडवलेली ठिणगीची चटई दोन ठिकाणी उसवली होती. पहिलं बक्षीस परीच्या आसनाला मिळालं: पावाच्या पिशव्या भरून ठिणगीकडून शिकत शिवलेलं, चारही बाजूंनी वाकडं. मांडणीच्या टेबलावर मात्र त्याची जागा रिकामी होती. फाटकावरच्या वॉचमनकाकांनी ते द्यायला साफ नकार दिला होता. “नेता काय? मग मी बसू कशावर?”

ठिणगीला बक्षीस हुकल्याचं झोंबलंच. पण टाळ्या वाजवताना तिचेच हात सर्वांत लाल झाले.

मित्रहो, मुलांच्या हाती कात्री द्या, कचरा द्या आणि आपण बाजूला व्हा. राग आला, तर तोही फेकू नका. त्यातून काहीतरी घडवा. आणि घडवलेलं कपाटात मिरवू नका, वापरा. जे कोणाच्या रोजच्या उपयोगी पडतं, तेच टिकाऊ!