पास, रिजेक्ट आणि बीबी झुवैना

ओमानमधल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीत प्रेमानंद पाइपच्या कारखान्यात क्वालिटीचा इंजिनियर होता. पाइप पास की रिजेक्ट हे ठरवण्यात त्याची अकरा वर्षं गेली होती, आणि आता पन्नाशीला टेकल्यावर त्याला पुण्याहून तत्त्वज्ञानात बहिःस्थ एम.ए. करायची हुक्की आली होती. दोनदा नापास झाला होता. २००१ साली ही शेवटची संधी. निबंधाचा विषय होता, आफ्रिकी तत्त्वज्ञान म्हणायचं कशाला. एक पंडित म्हणे, ते लोकांच्या चालीरीतींत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहे. दुसरा म्हणे, छे! स्वतःच्या नावावर युक्तिवाद लिहील तोच तत्त्वज्ञ.

प्रेमानंदला दुसरा पटला, कारण त्याचा फॉर्म करता येत होता. लेखी आहे का? विचार स्वतःचा आहे का? आधीच्यांचं खोडून काढलंय का?

"उद्या माझ्या आमटीवरही रिजेक्टचा शिक्का माराल," त्याची बायको संध्या म्हणाली.

कारखान्याचा स्टोअरकीपर जाफर आफ्रिकेतल्या झांझिबारात जन्मलेला ओमानी. त्याच्या आईचं, बीबी झुवैनाचं, निम्मं आयुष्य तिकडेच गेलेलं. शुक्रवारी प्रेमानंद फॉर्म घेऊन तिच्यासमोर बसला. ती स्वाहिलीत बोलायची, जाफर हिंदीत सांगायचा.

लिहिता येतं का? नाही. पहिल्याच चौकटीत फुली पडली आणि प्रेमानंदला हायसं वाटलं. निष्कर्ष त्याने आधीच टाइप करून ठेवला होता.

"मेल्यावर माणसाचं काय होतं?" त्याने विचारलं.

"अल्लाकडे जातो. इथे काय उरतं ते विचार," बीबी म्हणाली. "माझी आई म्हणायची, नाव घेणारं कुणी आहे तोवर मेलेला घरातच असतो. ते चूक. मग ज्या बाईला मूलबाळ नाही तिने काय करायचं? मी म्हणते, माणूस त्याच्या कामात उरतो."

उरलेल्या दोन्ही चौकटींत मुकाट्याने बरोबरची खूण करावी लागली. बीबीने त्याचा कप कॉफीने भरला. "तुझ्या आईला लिहिता येतं?"

त्याची आई गंगुबाई अंगठा उठवायची. पण छप्पन साली सासूशी तीन दिवस वाद घालून तिने देव्हाऱ्यातले देव नदीत सोडले होते. जो देव पाणवठ्यावर जाऊ देत नाही तो घरात कशाला, असं तिचं म्हणणं. प्रेमानंदच्या फॉर्मवर ती सरळ रिजेक्ट होत होती. त्याला मनापासून लाज वाटली.

घरी येऊन त्याने निष्कर्ष फाडला. ज्यांना लिहूच दिलं नाही, त्यांना लेखी असण्याची अट लावता येत नाही, असं नव्याने लिहिलं आणि उदाहरणं दोन दिली, झुवैना आणि गंगुबाई. निबंध तपासणारे सर कडक होते. पाकीट पोस्टात टाकताना एम.ए. गेलंच असं तो धरून चालला.

दोन महिन्यांनी निकाल लागला, काठावर पास! समासात लाल शाईने शेरा होता : 'गंगुबाई कोण? पुरावा द्या.'

त्याने गावी शेजाऱ्यांच्या फोनवर आईला बोलावून घेतलं. "आई, पास झालो. पण सरांनी तुझा पुरावा मागितलाय."

"पुरावा नदीत हाय," गंगुबाई म्हणाली. "तुझ्या सरास्नी पवता येतं का, इचार."