काकाच्या पाठीचे नऊ आणि पाच

“डॉक्टरीणबाई, पाठ दुखते म्हणून माझा काका गोळ्या खातो, का गोळ्या पाहिजेत म्हणून त्याची पाठ दुखते?”

दम असेल तर सगळ्यांदेखत विचार, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी विचारलं. दवाखान्यातली रांग खोकायची थांबली. मैत्रिणी खिडकीखाली तोंडात ओढण्या कोंबून बसल्या.

बाई हसल्या नाहीत. “दोन्ही,” म्हणाल्या. “आत्ता कसा आहे तो?”

“थरथरतोय. घामानं अंथरूण भिजलंय. बाबांनी काल त्याच्या सगळ्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या ना. आमची कोंबडी दोन टिपून आली, ती अजून पेंगतेय.”

बाई उठल्याच. “अशा एकदम तोडायच्या नसतात गं. चल.”

दोन वर्षांपूर्वी काका कडब्याच्या गंजीवरून पडला, तेव्हापासूनचं हे. हाडांचा डॉक्टर म्हणाला, आधी गोळ्यांची सवय सोड. सवय सोडवणारे म्हणाले, आधी पाठ बरी कर. दोघांच्या मध्ये काकाचा पार चेंडू झाला. शेवटी आज सकाळी बाबा वैतागले, उद्या याला घराबाहेर काढतो म्हणाले.

घरी येऊन बाईंनी काकाची नाडी बघितली. “दुखणं दहात किती?”

“नऊ.”

बाईंनी स्वतःच्या तळहातावर एक गोळी ठेवून त्याला दाखवली. “आता?”

“सात.”

“काका, खरं सांग,” मी म्हटलं.

“पाच,” काका म्हणाला आणि चक्क लाजला.

“बघा. नाटक,” बाबा म्हणाले.

“नाटक नाही. गोळी दिसली, भीती उतरली. उरलेले पाच पाठीचेच आहेत.” बाईंनी गोळी काकाला दिली. “रोज सकाळी चालत दवाखान्यात यायचं. गोळी माझ्यासमोर, मग पाठीचा व्यायाम. गोळी हळूहळू कमी करू. घरात मात्र एकही नको.”

“घरात आता कुठल्या?” काका साळसूदपणे म्हणाला.

मी घसा खाकरला. “पेरायच्या पाभरीच्या नळीत सात. म्हशीच्या गव्हाणीखाली चार. जुन्या कंदिलात किती ते मोजलं नाही.”

“कार्टे, तू कुणाच्या बाजूची?”

“तुझ्या पाठीच्या.”

आईनं पदरात तोंड लपवलं. बाबा मात्र विरघळले नाहीत. “रोज कोण नेणार याला? पेरणी तोंडावर आलीय. उद्या जाणार म्हटलं की जाणार.”

काकानं भिंतीकडे तोंड फिरवलं आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. मला ते अजिबात आवडलं नाही.

“आई, बाबा, दोघं नीट ऐका,” मी म्हणाले. “काका कुठंही जात नाही. रोज सकाळी मी त्याला चालवत नेणार. तो वाटेत बसला तर मीही बसणार. त्याचा व्यायाम झाला की तिथनंच शाळेत. पहिला तास रोज चुकेल, तेव्हा मास्तरांना चिठ्ठी लागेल. ती बाबा, तुम्ही लिहायची. आणि कारण खरं लिहायचं.”