कोपरा गोल करणारी कानस

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. लोखंड घासून गुळगुळीत करतात ना, तेच हत्यार. माझं एक अंग सपाट आणि दुसरं फुगीर आहे. अंगभर बारीक दाते आहेत. त्यांतले बरेच आता झिजलेत, पण या वयात सगळे दात कोणाचे शाबूत असतात?

मला भट्टीत लालभडक तापवून पाण्यात बुडवलं, तेव्हा मी कडक झाले. तो चटका अजून आठवतो. पण त्याच्याशिवाय मी कुठल्याच कामाची नव्हते, म्हणून तक्रार नाही.

माझा पहिला मालक फिटर होता. गाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याने मला लाकडी मूठ बसवली आणि आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या हातात दिली.

"ढकलताना दाब, मागे घेताना उचल. उलटी ओढलीस तर तिचे दाते मोडतील. तुझे दात कोणी मोडले तर?"

"माझे आपोआपच पडतायत," मुलगी म्हणाली.

पुढे तीच माझी मालकीण झाली. वडिलांमागे त्यांचा गाड्या दुरुस्तीचा कारखाना तिने सांभाळला आणि एक दिवस विजेवर चालणारा ग्राइंडर आणला. ज्या कामाला मला तास लागायचा, ते त्याची चकती दोन मिनिटांत उरकायची. मी हत्यारांच्या पिशवीच्या तळाशी गेले. रंगाच्या डब्यांची झाकणं उघडायलाही मला वापरलं. वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण तो ग्राइंडर आला नसता तर माझे उरलेले दातेही कधीच संपले असते. त्याचे उपकार मी विसरत नाही.

एकदा एक निवृत्त बसड्रायव्हर काका आपली जुनी गाडी घेऊन आले.

"बायकोला श्वासाचं मशीन लागतं, चोवीस तास," ते मालकिणीला म्हणाले. "मशीनला वीज लागते. म्हणून दोन वर्षं ती घराबाहेर नाही. तिची थोरली बहीण आठ तासांवर राहते, ब्याऐंशी वर्षांची. तिला इकडे येववत नाही, हिला तिकडे जाववत नाही. फोनवर दोघी बोलतात कमी, खोकतात जास्त. गाडीतच मशीन चालेल असं काहीतरी कर पोरी."

त्यासाठी इंजिनाला वीज तयार करणारा आणखी एक अल्टरनेटर जोडायचा होता. तो होता जड, आणि त्याला धरून ठेवेल असा तयार ब्रॅकेट कुठेच मिळेना. ब्रॅकेट म्हणजे जड वस्तू इंजिनाला घट्ट पकडून ठेवणारा लोखंडी हात. मालकिणीने तो स्वतः बनवायचं ठरवलं. आधी पुठ्ठा कापला, इंजिनाच्या खबदाडीत धरून पाहिला, पुन्हा कापला. तो नीट बसल्यावर तसाच आकार लोखंडी पत्र्यातून ग्राइंडरने काढला, आतला कोपरा अगदी काटकोनात. भोकं पाडली, अल्टरनेटर चढवला. काका गाडी घेऊन खडबडीत रस्त्यावर फिरून आले. तिसऱ्या दिवशी ब्रॅकेट तडकला.

"पत्रा पातळ पडला," मालकीण म्हणाली. तिने दुप्पट जाडीचा केला. तो पाचव्या दिवशी तडकला.

काकांनी बॉनेट हळूच बंद केलं. "राहू दे आता. रस्त्यात मशीन बंद पडलं तर मी काय करू? तिला मीच सांगतो."

पण मालकीणच गेली सांगायला. दोन्ही तुटके ब्रॅकेट तिने पिशवीत टाकले, त्यामुळे मीही त्या घरी पोचले. काकू नाकाला नळी लावून शिवणयंत्रावर बसल्या होत्या. जन्मभर त्यांनी लोकांचे कपडे शिवले होते. त्यांनी दोन्ही ब्रॅकेट मांडीवर ठेवून निरखले.

"एकाच जागी फाटलेत."

"तुटलेत, काकू."

"आमच्यात फाटतं म्हणतात. इथे बघ, या कोपऱ्यात तुझी कात्री जास्त गेलीय."

मालकिणीने चष्मा लावला. कोपऱ्यापाशी ग्राइंडरची चकती काटकोनाच्या जरा पुढे गेली होती आणि केसाएवढी चीर राहिली होती. दोन्हींत.

"चौकोनी गळा कापताना कात्री सूतभर पुढे गेली, की तिथूनच उसवत जातं," काकू थांबत थांबत, श्वास घेत म्हणाल्या. "मग कापड कितीही जाड घे. कोपरा जरा गोल ठेवावा."

"आणि मी जाडी वाढवत बसले," मालकीण म्हणाली.

"माझ्याही चुका हिला अशाच बसल्या जागी दिसतात," काका म्हणाले. "चाळीस वर्षं झाली."

कारखान्यात परतल्यावर मालकिणीने नव्या पत्र्यावर, कोपऱ्याच्या जागी आधी एक गोल भोक पाडलं. कापताना ग्राइंडर त्याच्या अलीकडेच थांबवला. उरलेलं काम त्या मोठ्या चकतीला जमणारं नव्हतं. तिने पिशवी उपडी केली आणि मला उचललं. ब्रशने माझ्या दात्यांतली घाण काढली, लोखंडाचा भुगा पुन्हा अडकू नये म्हणून अंगावर खडू चोळला. मग माझं फुगीर अंग त्या कोपऱ्यात फिरू लागलं. ढकलताना दाब, मागे घेताना उचल. कोपऱ्यावर बोट फिरवलं तरी कुठे अडेनासं झालं, तेव्हाच ती थांबली.

काकांनी पंधरा दिवस गाडी सगळ्यात वाईट रस्त्यांवर फिरवली. ब्रॅकेट तसाच राहिला.

मग काका-काकूंबरोबर आम्ही बहिणीच्या गावाला निघालो. मालकीण सोबत आली, पिशवीत मी. दर दोन तासांनी गाडी थांबायची आणि ती बॉनेट उघडून कोपरा पाहायची. मागच्या सीटवर मशीन संथ घरघरत होतं. मला एकदाही बाहेर काढावं लागलं नाही. काम न पडल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.

थोरली बहीण काठी टेकत दारात उभी होती.

"आठ तासांच्या रस्त्याला दोन वर्षं लावलीस."

"ताई, आधी बसू दे. मग भांड."

दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. भांडण राहूनच गेलं.

कोपरा कोणी गोल केला ते मालकिणीने सांगितलं, तेव्हा त्या मुक्कामात काकूंनी बहिणीच्या शिवणयंत्रावर एक जाड कापडाची खोळ शिवली, माझ्यासाठी. "इतर लोखंडावर घासून हिचे दाते जातात. हिला उघडी टाकू नकोस," त्यांनी मालकिणीला बजावलं.

मित्रांनो, माझं आयुष्य सगळं दुसऱ्यांच्या हातांनी घडलं, त्या सगळ्या हातांची मी ऋणी आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं जुनं हत्यार कुठेतरी तळाशी पडलं असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, नीट जागी ठेवा. आणि एखादी वस्तू तुटली तर तिच्यावर चिडू नका. ती नेमकी कुठून तुटली ते बघा. तुम्हाला दिसलं नाही तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दाखवा.

मी आता खोळीत असते. आत ऊब आहे.