मादाम केरमारेक वारल्या, अठ्ठावन्न साली

गॅस कंपनीचं पत्र, १९८९. "मादमोआझेल, लग्नाचा दाखला पाठवल्यास आपल्या नावाआधी मादाम लावण्यात येईल."

लोण्यात जाडं मीठ हवं. बिनमिठाचं लोणी आजाऱ्यांनी खावं.

गाडी चालवायला शिकवतात त्या गाडीत ब्रेक दोन असतात. दुसरा शिकवणाऱ्याच्या पायाखाली, आणि तो लागला की शिकणाऱ्याचा अपमान होतो.

सप्टेंबर १९६८, शाळेचा पहिला दिवस. बाई वर्गासमोर पत्रकं वाचतायत. वडिलांचा व्यवसाय: रेघ. आई: मादमोआझेल. मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसतं.

कँपेरच्या बाजारातला मासळीवाला साठीच्या बाईलाही मादमोआझेल म्हणतो आणि वर चार कोळंब्या जास्त टाकतो. बायका खूश होतात. एक सोडून.

वृद्धाश्रमाच्या नोंदवहीत, १५ फेब्रुवारी २०१३. "खोली १४. स्वतःच्या नावाला प्रतिसाद नाही. आपण मेलो आहोत असं सांगते."

*

ही शेवटची नोंद आर्मेल केरमारेकला सोमवारी सकाळी फोनवर वाचून दाखवण्यात आली. ती तेव्हा शिकवणीच्या गाडीत, ब्रेस्तच्या बंदरावरच्या चौकात होती; शेजारी गाडी शिकायला आलेली एक शिकाऊ केशकर्तनकार स्टिअरिंगच्या गळ्यात पडल्यासारखी बसली होती. फोन वृद्धाश्रमाच्या मुख्य परिचारिकेचा, मादाम तांगीचा. त्या बाईचा आवाज इतका मऊ होता की आर्मेलला आधीच कळलं, काहीतरी वाईट आहे.

तीन आठवडे झाले, मादाम तांगी सांगत होत्या, तुमच्या आई हाकेला ओ देत नाहीत. औषधाच्या वेळी नाही, आंघोळीच्या वेळी नाही. भिंतीकडे बघत बसतात. आणि शुक्रवारी हे असलं बोलल्या. गुरुवारी दहा वाजता डॉक्टर तपासणी करतील. पण तुम्ही मनाची तयारी ठेवा, वरच्या मजल्यावर एक खाट रिकामी झालीय.

वरचा मजला म्हणजे आकड्यांचं कुलूप असलेलं दार. तिथून माणसं खाली येत नाहीत, आणली जातात.

आर्मेलनं चौकाच्या मधोमध ब्रेक दाबला. शिकाऊ मुलगी म्हणाली, मी काय केलं? मागच्या गाड्यांनी तिला सांगितलं.

*

मंगळवारी आर्मेलनं तिन्ही शिकवण्या रद्द केल्या आणि ती ऐंशी किलोमीटर गाडी हाकत आईकडे आली. वाटेत तिनं सगळं चित्र डोळ्यांपुढे आणून ठेवलं होतं: लाळ, रिकामे डोळे, उलटा घातलेला स्वेटर.

उगेत केरमारेक, वय चौऱ्याऐंशी, खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होती. स्वेटर सुलटा होता. मुलीला बघून म्हणाली, "केस का कापलेस? कान दिसतात."

आर्मेल खुर्चीत बसली, उठली, पडदा सरकवला, पुन्हा बसली. आईला तारीख विचारली. आईनं तारीख सांगितली आणि उलट विचारलं की तुझ्याकडे कॅलेंडर नाही का. दार उघडलं, एक सेविका डोकावली, "मादाम केरमारेक, जेवायला चला." उगेतनं पेन्सिलीला टोक करायला घेतलं. सेविकेनं पुन्हा हाक मारली. मग तिनं आर्मेलकडे असं बघितलं की, बघा, आम्ही उगाच म्हणत नाही.

आर्मेलला ते पटलं. म्हणजे खरंच. भान मधूनमधून जातं आणि येतं. असं होतं म्हणे सुरुवातीला.

जेवणाच्या दालनात तिला आईशेजारी बसू दिलं. समोर जोब कारादेक होता, प्लूमेझेल गावचा म्हातारा कोळी. वाढणाऱ्या बाईनं विचारलं, "मादाम केरमारेक, सूप?" उत्तर नाही. सूप आपोआप वाढलं गेलं. मग जोबनं टोपी सरळ केली आणि म्हणाला, "मादमोआझेल, लोणी जरा इकडे सरकवता?"

उगेतनं लोणी सरकवलं. तत्क्षणी. "एवढंसंच घ्या, जोब. गेल्या वेळी डॉक्टर मला बोलले, तुम्हाला नाही."

आर्मेलच्या हातातला पाव तसाच राहिला.

*

प्लूमेझेलच्या पोस्टात उगेत चौतीस वर्षं खिडकीमागे होती. गावाला तिचं नाव लागलंच नाही कधी. ती पोस्टातली मादमोआझेल. पेन्शन तिच्याकडून, तार तिच्याकडून, लढाईवर गेलेल्या मुलाचं पत्र तिच्याकडून. पाद्रीसुद्धा टोपी काढून ओळीत उभा राहायचा. तिला मूल झालं तेव्हा गाव कुजबुजलं, आणि कुजबुजून झाल्यावर तिकिटं घ्यायला आलं, कारण दुसरं पोस्ट अकरा किलोमीटरवर होतं.

आर्मेलला यातलं काही ऐकू येत नसे. तिला फक्त बाई पत्रक वाचताना ऐकू यायच्या. अठराव्या वर्षी तिनं ठरवलं, मी मादाम. लग्न केलं नाही, करायचंही नव्हतं, तरी मादाम. मग सुरू झालं. गॅस, वीज, बँक, दंतवैद्य, चष्म्याचं दुकान. मादमोआझेल म्हटलं की ती काउंटरवरच अडून बसायची. पुरुषाला कधी विचारता का हो, तुमचं झालंय की राहिलंय? तीस वर्षांत तिनं दोन दंतवैद्य बदलले. गेल्या फेब्रुवारीत सरकारनंच पत्रक काढलं, सरकारी कागदांवरून मादमोआझेलची चौकट रद्द. त्या दिवशी आर्मेलनं एकटीनं वाईनची बाटली उघडली.

*

खोलीत परतल्यावर तिनं विचारलं. सरळ विचारता येईना, आधी चादर नीट केली, मग नळ बंद आहे का पाहिलं.

"आई, त्यांना ओ का देत नाहीस?"

"कुणाला?"

"तुला मादाम केरमारेक म्हणतात त्यांना."

"मादाम केरमारेक माझी आई. त्या वारल्या, अठ्ठावन्न साली. मी शुक्रवारी त्या पोरीला तेच सांगितलं, तर ती रडायलाच लागली. मी म्हटलं, अगं, आता खूप वर्षं झाली."

आर्मेलला हसू आलं आणि ते मध्येच अडकलं. तिनं समजावून पाहिलं. मादाम म्हणजे आता कुणाची बायको असं राहिलेलं नाही, मोठ्या बाईला मान म्हणून म्हणतात.

"कुणी ठरवलं?"

"सरकारनं."

"मला विचारलं नाही. चौतीस वर्षं त्याचेच शिक्के मारले, पत्ता ठाऊक होता त्याला." उगेतनं चष्मा काढला. "मी कुणाची झाले नाही, त्याची किंमत मोजली आणि ते नाव ठेवलं. ते काढून मला आता या वयात कुणाशी लावून देता?"

आर्मेल म्हणाली की निदान गुरुवारी, एक दिवस, नुसतं हं म्हण. नाहीतर वर नेतील. कुलपात.

"नेऊ देत. मादाम केरमारेकला नेणार ना?"

*

मादाम तांगींच्या कार्यालयात फाईल उघडली गेली. आर्मेलनं गोष्ट सांगितली, घाईघाईत, वाक्यं अर्धी टाकत. आई शुद्धीवर आहे, फक्त हाक बदला, एवढंच.

मादाम तांगींनी फाईलमधून दोन पानी पत्र काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं. गेल्या वसंतातलं. अक्षर ओळखीचं होतं. कसं नाही असणार. "...आमच्या आयांच्या दारांवर हा शब्द लावून आपण त्यांचा रोज अपमान करता..." खाली दोनदा रेघ.

"संचालकांनी हे सभेत वाचून दाखवलं होतं," मादाम तांगी म्हणाल्या. त्यांना खरोखर अभिमान वाटत होता. "नवी संगणक व्यवस्था येईपर्यंत थांबलो, जानेवारीअखेर आली, आणि बासष्ट दारांवरच्या पाट्या एका दुपारी बदलल्या. इतर आश्रमांतून विचारणा येतेय आम्हाला."

"एक पाटी परत बदला."

"यंत्रात दोनच पर्याय आहेत हो. बाईला मादाम आणि पुरुषाला मस्यो."

हे वाक्य आर्मेल तीस वर्षं ऐकत आली होती. आज पहिल्यांदा ते उलट्या अंगाला होतं, आणि तितकंच लागलं.

मादाम तांगींनी आवाज आणखी मऊ केला. कागदावर काहीही असो, त्या म्हणाल्या, स्वतःचं नाव न ओळखणं हे लक्षण आहे. तरी तुम्ही लेखी द्या. तुमचंच पत्र आहे, तुम्हीच मागे घ्या. मग डॉक्टर काय म्हणतात बघू.

*

बुधवार. गाडीत, दोन शिकवण्यांच्या मध्ये, मांडीवर वही.

"महोदय, गेल्या वर्षीच्या माझ्या पत्रातील मागणी मी माझ्या आईपुरती"

खोडलं.

"महोदय, माझी आई उगेत केरमारेक हिला यापुढे तिच्या इच्छेनुसार म"

इथं पेन थांबलं. नुसतं म. त्या म वर तिनं इतके वेळा गिरवलं की कागद फाटला.

"महोदय, प्रत्येक बाईला काय म्हणायचं ते त्या बाईला विचारा. मी माझ्या आईला विचारलं नव्हतं."

हे चांगलं होतं. पण यात तो शब्द नव्हता. शब्दाशिवाय पत्राचा उपयोग नव्हता. केशकर्तनकार मुलगी खिडकीवर टकटक करत उभी होती, थंडीनं नाक लाल. आर्मेलनं तिला आत घेतलं आणि चौकात तिला तीनदा चुकीच्या बाजूला वळायला सांगितलं.

*

गुरुवार, दहा वाजता. डॉक्टर रियू तिशीतले, केस ओले, सभ्य. खोली क्रमांक १४. उगेत खिडकीशी. मादाम तांगी दाराशी. आर्मेलला पलंगाच्या कडेवर बसवलं आणि बजावलं, सुचवायचं नाही.

"नमस्कार, मादाम केरमारेक. आज वार कोणता सांगाल?"

उगेत बाहेर बघत होती.

"मादाम केरमारेक? ही खोली कुठल्या मजल्यावर आहे?"

डॉक्टरांनी कागदावर एक खूण केली. दुसरी केली. तिसरा प्रश्न विचारण्याआधी त्यांनी तिच्या खांद्याला हळूच स्पर्श केला, आणि उगेतनं खांदा काढून घेतला.

आर्मेल उठली. डॉक्टर, तिला दुसऱ्या हाकेनं बोलवा, ती म्हणाली. ती अविवाहित आहे. तिला तीच हाक हवी आहे.

डॉक्टर संकोचले. "मला कळतंय तुम्हाला काय म्हणायचंय. पण तो शब्द मी वापरत नाही. तो नको म्हणून माझी आई दवाखान्यात भांडलीय. आणि फाईलमध्ये तुमचंच पत्र वाचलं मी, फार चांगलं लिहिलंय."

"मी मागे घेते."

"लेखी दिलंत?"

नव्हतं दिलं. वही गाडीत होती, म वर फाटलेली. डॉक्टरांनी पेन पुन्हा कागदाला टेकवलं. तिसरी खूण होणार होती आणि आर्मेलला दिसलं, तीन झाल्या की चौथीची गरज नसते.

ती आईसमोर जाऊन उभी राहिली. मागच्या बाकावरचं ते खुदकन अजून होतं, पंचेचाळीस वर्षं तिथंच बसलेलं.

"मादमोआझेल केरमारेक," ती म्हणाली.

उगेतनं मान वळवली. मुलीला खालपासून वरपर्यंत पाहिलं, ओळखपत्र तपासावं तसं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "गुरुवार. तळमजला. पुढे विचारा, पण जरा मोठ्यानं, तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता."

डॉक्टरांनी विचारलं. शंभरातून सात वजा, पुन्हा सात, पुन्हा सात. पोस्टातल्या बाईला वजाबाकी विचारत होते. ती दोनवर येऊन थांबली आणि विचारलं की खाली जायचं का आणखी. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ते तिनं सांगितले आणि त्यांचा क्रम चुकीचा लावलाय असंही सांगितलं. राष्ट्राध्यक्षांचं नाव विचारलं तेव्हा म्हणाली, मत दिलं नाही त्याला, नावही घेणार नाही. यावर खूण कुठल्या रकान्यात करायची हे डॉक्टरांना कळेना. शेवटी ते हसले आणि कागद उलटा केला.

वर जायचं कारण नाही, ते मादाम तांगींना म्हणाले. आणि मग उगेतकडे वळले. तो शब्द त्यांच्याही तोंडून निघाला, पण कागदी, पाठ केलेला. उगेतनं तेवढ्यावर मान हलवली.

मादाम तांगी म्हणाल्या, पाटीचं कसं करायचं, यंत्र तर घेणार नाही. उगेत म्हणाली, पाटी काढूनच टाका. मला माझी खोली सापडते.

डॉक्टर गेले, मादाम तांगी पाटीचे स्क्रू काढायला कुणाला तरी बोलवायला गेल्या. आर्मेलला बसवेना. तिनं खिडकी उघडली, थंडी आत आली म्हणून लावली, कोट घातला, काढला.

"तू तो फार वाईट म्हणतेस," उगेत म्हणाली. "शिंक दाबल्यासारखा. परत म्हण."

आर्मेलनं परत म्हटला.

"घाई करू नकोस. परत."

एकसष्ट सालच्या मार्चमध्ये, आर्मेल जन्मली तेव्हा, प्लूमेझेलचं पोस्ट चार दिवस बंद होतं. पाचव्या दिवशी ते साडेआठला उघडलं.