जाणाऱ्यांचा अंदाज

थोरलीने बटण दाबलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर लाल ठिपके उमटले. मग ते एकेक करून विझत गेले. विझलेला प्रत्येक ठिपका म्हणजे नोकरी सोडून गेलेला एक माणूस; आणि तो जाणार हे थोरलीच्या गणिताने कितीतरी आधी सांगून ठेवलं होतं.

“एक राहिलाय,” संचालक म्हणाले.

कोपऱ्यात एकच ठिपका अजून लाल होता.

“जाईल,” थोरली म्हणाली.

टेबलाभोवती हशा पिकला. तिलाही हसू आलं.

कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला प्रमुख नेमायचा होता. बाहेरचा एक उमेदवार होता, नावापुढे पदव्यांचं शेपूट असलेला, आणि कंपनीतलीच ही थोरली. हजेरी तपासण्यापासून तिने सुरुवात केली होती. ‘बाई, आकडेमोड तुमचं काम नाही’ हे हसतमुखाने ऐकून घेत तिने लोकांच्या रजा, उशीर, हुकलेल्या बढत्या एकत्र केल्या आणि कोण सोडून जाईल हे सांगणारं गणित उभं केलं. नावासकट ठिपका फक्त त्या माणसाच्या साहेबाला दिसे, म्हणजे त्याने वेळीच समजूत काढून माणूस थोपवावा. ज्याचा ठिपका त्याला मात्र सांगायचं नाही. हा नियम तिचाच.

“पण अंदाज इतका तंतोतंत उतरतो कसा?” संचालकांनी विचारलं.

“माणूस जायच्या आधी मनाने गेलेला असतो, सर. तेवढं आम्ही हेरतो.”

उत्तर झकास जमलं होतं. संचालकांनी मान डोलावली.

“शुक्रवारी कळवतो. तोवर तो शेवटचाही निघाला, तर कुणाला बोलायला जागाच राहणार नाही.”

तो ठिपका कुणाचा, हे त्या खोलीत एकट्या थोरलीला ठाऊक होतं. तक्रार विभागात फोन घेणाऱ्या तिच्या धाकट्या जावेचा. नोकरी तिनेच लावून दिली होती, आणि दोघी एकाच घरात राहत होत्या.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा धाकटी ओट्यापाशी भाजी चिरत होती. आतल्या खोलीत सासूबाई पडून होत्या.

“ताई, एक विचारू? रागावणार नाहीस ना?”

“विचार की.”

“माझं काय चुकतंय गं?”

थोरलीने पेल्यात पाणी ओतून घेतलं.

“साहेब मला आता मीटिंगला बोलवत नाहीत,” धाकटी सांगू लागली. “ट्रेनिंगमधून नाव काढलं. नव्या मुलींना शिकवायचे मी, तेही काढून घेतलं. शेवटी मनाचा हिय्या करून विचारलं, तर म्हणतात, तुम्ही तशाही जाणारच आहात, तुमच्यावर कशाला मेहनत घ्यायची? आता मी कुठे जाणारे? मला आवडतं गं ते काम. लोक शिव्या देत फोन करतात आणि ठेवताना थँक्यू म्हणतात.”

पेला थोरलीच्या ओठांपर्यंत जाऊन थांबला. म्हणजे हे असं होत होतं तर. माणूस थोपवायला दिलेली खूण बघून साहेब लोक त्या माणसावर पाणी सोडत होते. मग तो जाईल नाहीतर काय करील? सकाळी पडद्यावर विझलेल्यांपैकी किती जणांना मुळात जायचंच नव्हतं, कोण जाणे. थोरलीला लाज वाटली. अगदी मनापासून वाटली. आणि तिच्या पाठोपाठ शुक्रवार आठवला.

“सोमवारच्या रजा फार होतात, म्हणून असेल का?” धाकटीने विचारलं. “पण आईंना डायलिसिसला नेणार कोण? तुझी सोमवारी नेमकी मीटिंग असते.”

सोमवारच्या रजेला गणितात सगळ्यात जास्त वजन होतं. लोक दुसरीकडे मुलाखती द्यायला सोमवारीच जातात, असं थोरलीने स्वतः ठरवलं होतं. तिने पेला खाली ठेवला.

“हे बघ,” ती म्हणाली.

तुझं काही चुकलेलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण मग ‘असं का वागतात?’ हा प्रश्न येणार, आणि त्याचं उत्तर एकदा तोंडातून निघालं की ते या स्वयंपाकघरात राहणार नव्हतं. आतून सासूबाईंनी पाणी मागितलं. धाकटी आत गेली, त्यांना पाणी पाजून, पांघरूण सारखं करून परत आली.

“हं, काय म्हणत होतीस?”

“तब्येत बघ तुझी किती उतरलीय.”

धाकटीने सुरी बाजूला ठेवली.

“मग राजीनामा देऊ? तू म्हणशील तसं. तुला त्यातलं कळतं.”

थोरली बेसिनकडे वळली आणि स्वच्छच असलेला पेला विसळू लागली.

“दे.”

“लगेच?”

“घोंगडं भिजत कशाला ठेवायचं?”

“कारण काय लिहू?”

“वैयक्तिक. तेवढं पुरतं.”

धाकटीने ओले हात पुसले, फोनवर जमेल तसं लिहिलं आणि तो पुढे केला. थोरलीने शेवटी कंपनीचे आभार मानणारी एक ओळ घातली, फोन परत दिला. धाकटीने तो मजकूर पाठवून दिला. मग तिला रडू फुटलं. थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

जरा वेळाने धाकटीने बाहीने डोळे पुसले.

“बरं झालं तुला विचारलं,” ती म्हणाली. “मी आपली उगाच अडून बसले होते.”